चातीच्या टोकावर

सोमवार, ३ फेब्रुवारी

आमचा खेळ ज्या सॉफ्टवेअर-इंजिनवर चालतो, त्याची नवी आवृत्ती आज चढवली. निर्णय माझा. रुपेशदादा म्हणाले, उद्घाटन तोंडावर आलेलं असताना चालत्या गोष्टीला हात लावू नये. माझं म्हणणं होतं की बोटांना थरथर पोचवणारा नवा हातमोजा जुन्या आवृत्तीवर चालत नाही, आणि त्याशिवाय आमचा चरखा म्हणजे नुसतं चित्र. दादा म्हणाले, "मंग तुह्या जबाबदारीवर." मी तसं ईमेलने लिहून दिलं.

काम काय आहे तेही लिहून ठेवते. कापसाच्या एका नव्या संग्रहालयासाठी आम्ही तिघं, म्हणजे दादा, चंदन आणि मी, एक खेळ बनवतो आहोत. समोर खरं लाकडी चाक असतं, उजव्या हाताने ते फिरवायचं. डाव्या हातात मोजा, डोळ्यांवर आभासी जगाचा चष्मा. चष्म्यात पूर्ण चरखा दिसतो आणि आपण सूत काततो. चरखा आणि खोली चंदनने घडवली. सूत माझं. गेले आठ महिने मी फक्त सूत करते आहे. चौसष्ट बारीक कड्यांची साखळी आहे ती. एक टोक बोटांतल्या पेळूला, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळकटीला जोडलेलं. दुसरं चातीच्या टोकाला. चाती म्हणजे चरख्यावर गरगर फिरते ती लोखंडी सळई.

दुपारी बारा वाजता नव्या आवृत्तीत पहिल्यांदा चाक फिरवलं. सूत चातीवरून सुटलं, छताला जाऊन लागलं आणि तिथेच फडफडत राहिलं.

चंदन म्हणाला, "नंदिनी, तुहं सूत मंगळावर चाललं वाटते."

मी चाक थांबवलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कारण सापडलं. जोडणी किती ताण सोसेल याचा रकाना मी रिकामा ठेवला होता. जुन्या आवृत्तीत रिकामा म्हणजे अमर्याद. नवीत रिकामा म्हणजे शून्य. आकडा भरला. सूत सुटत नाही, पण मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वर गेलं की थरथरतं.

चंदनला खालच्या आटाचक्कीचा संशय. चाकाखालचा सेन्सर नाजूक आहे आणि चक्की सुरू झाली की आमच्या सिंदी मेघेच्या या माडीवर टेबलावरचा पेनसुद्धा सरकतो. मी खाली जाऊन ओमप्रकाशभाऊंना पाच मिनिटं चक्की थांबवायला सांगितली. ते रांगेतल्या बायांना म्हणाले, "थांबा वं बाया. वरच्या मॅडमचं सूत तुटून राह्यलं." बाया वर बघून हसल्या. चक्की थांबली. थरथर तेवढीच. चक्की निर्दोष.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

थरथर गेली, नवं दुखणं आलं. सूत आता चातीच्या टोकाभोवती गुंडाळलं जातं, खुंट्याला दावं गुंडाळावं तसं. पीळ बसत नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. जुन्या आवृत्तीतही पीळ कधी बसत नव्हता. फेऱ्यांची संख्या भागिले लांबी, असं माझं एक सूत्र होतं. त्यातून येणारा आकडा मी सुतावर तिरप्या रेषा काढून दाखवत होते. त्या ओळीशेजारी मीच "तात्पुरतं" असं लिहून ठेवलेलं आज दिसलं. तारीख गेल्या जूनची. नवं इंजिन पीळ स्वतः मोजतं, कडीकडीतून. त्याच्या हिशेबाने माझ्या सुताला पीळ नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.

आईचा फोन. कारंज्याला केव्हा येते विचारत होती. अठ्ठावीस तारखेची चाचणी झाल्यावर, म्हणाले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रुपेशदादांनी दोघांना बसवलं. अठ्ठावीस तारखेला संग्रहालयाचे सचिव बापूराव येणार आहेत, सोबत सुलोचनाबाई. सिंदी रेल्वे गावच्या कातणकेंद्रात पन्नास वर्षं कातणाऱ्या बाई. जूनमध्ये हातांच्या हालचाली आम्ही त्यांच्याच टिपल्या होत्या. त्या दिवशी त्या खेळून बघतील आणि संग्रहालयात काय बसवायचं ते तिथेच ठरेल. दादांच्या सांगण्यावरून चंदनने एक पर्याय तयार केला आहे. त्यात सूत कातलं जात नाही, कातल्याचं चलचित्र चालतं. हात कसाही हलवा, सूत सुरेख निघतं, कधी तुटत नाही. माझं सूत उभं राहिलं नाही तर ते लागेल आणि माझे आठ महिने बाजूला ठेवले जातील.

दादा म्हणाले, "लोकांले सूत निघताना दिसलं म्हणजे झालं ना, बावा."

मी म्हणाले, "हात कसाही हलवून निघतं ती जाहिरात असते."

नंतर जिन्यात चंदन म्हणाला, "म्या तुह्या विरोधात नाई बनवलं ते. दादांनं सांगतलं म्हणून."

"माहीत आहे," मी म्हणाले. त्याच्या हातात दोन चहा होते. एक मला दिला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

अकरा उपाय करून झाले. जोडणी टोकापासून दोन मिलिमीटर खाली. जोडणी दोन ठिकाणी. कड्या दुप्पट. कड्यांचं वजन निम्मं. टोकाला फिरती कडी, की सूत गुंडाळलं जाऊ नये. मग गुंडाळलं जात नाही, पण पीळही येत नाही. बारावा सुचला तो जुनी आवृत्ती परत आणण्याचा. तो लिहिला आणि खोडला.

एक शंका. सूत टोकाला बांधलेलं असतं हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. जूनमध्ये मी सुलोचनाबाईंच्या डाव्या हातावर नऊ सेन्सर चिकटवले, तीन दिवस बोटांची मोजमापं घेतली. चातीकडे पाहिलं नाही, कारण चाती चंदनच्या यादीत होती. सूत पडत नाही, म्हणजे ते कुठेतरी बांधलेलं असणार, एवढंच मी धरून चालले होते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळच्या पॅसेंजरने सिंदी रेल्वे. स्टेशनसमोर कापसाच्या गाड्या लागलेल्या. त्यामागच्या गल्लीत केंद्र. लांबट खोली, सहा चरखे. आज दोनच चालू होते, सुलोचनाबाईंचा आणि त्यांच्या जोडीने कातणाऱ्या नलूबाईंचा.

मी दारात उभी राहिले. सुलोचनाबाईंनी मान वर केली. "कोन आलं?"

"मी नंदिनी, मावशी. जूनमध्ये आले होते."

"हो हो, हाताले तारा बांधनारी! ये माय, बस. खुर्ची असन, पाह्य तिकडं." खुर्ची त्यांच्या गुडघ्याशीच होती. मी बसले तसं त्यांनी माझ्या ओढणीचं टोक चिमटीत धरलं, जरा चोळलं. "चाळीस नंबरचं सूत. मिलचं."

सुताचा नंबर, म्हणजे त्याची बारीकी, मी दुकानदाराला कधी विचारला नव्हता. सुलोचनाबाई खिडकीकडे पाठ करून बसतात. उजेड टोचतो म्हणाल्या. कातताना सुताकडे बघतही नाहीत. इतकी सवय.

मी विचारलं, "मावशी, चातीच्या टोकाला सूत कसं बांधता?"

चाक थांबलं. "नलू, आयक वं! पोरगी काय इचारून राह्यली! सूत बांधतेत का म्हने!"

नलूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "इंजिनेर आहे ना वं ते. नटबोल्ट लावन."

"बांधलं तं पीळ कुठून येईन, माय?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "सुटते, म्हनून तं पीळ बसते."

"सुटतं?"

"हरेक फेऱ्याले सुटते. सुटते अन् पुन्हा बसते. आन तुहं बोट." त्यांनी माझा हात शोधून धरला आणि तर्जनी सुतावर टेकवली. चाक फिरवलं. "मुंगी चालल्यावानी लागते का?"

"नाही."

"मंग हळू फिरवतो. आता?"

तेव्हा लागलं. अगदी बारीक टिचकी. मग दुसरी. चाती एकदा फिरली की एक. त्यांनी वेग वाढवत नेला तशा टिचक्या जवळ येत गेल्या आणि शेवटी एकच गुणगुण झाली, आवाज नसलेली. बोट काढल्यावरही ती काही वेळ बोटात होती.

फोन टेकवून संथ चित्रण केलं, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं. सूत चातीच्या बुडाशी नुसतं गुंडाळलेलं असतं. तिथून नागमोडी वर चढतं, टोकाशी पोचतं, टोकावर क्षणभर टेकतं आणि घसरून पलीकडे पडतं. एक फेरा, एक घसरणं, एक पीळ. टोकाशी काहीही नाही. गाठ नाही, खाच नाही. तासलेलं, गुळगुळीत लोखंड.

मी ते चित्रण एकवीस वेळा पाहिलं. मग सुलोचनाबाईंच्या हातात फोन दिला. त्यांनी जवळ नेला, लांब धरला, "छान आहे" म्हणाल्या आणि उलटा करून परत दिला.

परतीच्या गाडीत हिशेब मांडला. रोज दोन हजार मीटर सूत, असं नलूबाई म्हणाल्या. या जाडीच्या सुताला मीटरमागे साधारण सातशे पीळ. दिवसाला चौदा लाख. वर्षाचे तीनशे दिवस, अशी पन्नास वर्षं. एकवीसशे कोटी. तेवढ्या वेळा सूत त्यांच्या हातून सुटलं आहे आणि पडलेलं नाही. गुणाकार दोनदा तपासला. मग वही मिटून खिडकीबाहेर बघत बसले. सेवाग्राम कधी गेलं कळलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

जोडणी काढून टाकली. प्रत्यक्षात एक ओळ पुसली. माझे अकराही उपाय सूत टोकाला बांधलेलंच ठेवणारे होते.

आता सूत बुडाशी स्वतःच्याच वेढ्यांनी धरलेलं आहे आणि टोक मोकळं. घर्षणाचे आकडे जुळवायला पाच दिवस गेले. सेकंदाला साठ वेळा हिशेब करून भागत नव्हतं, घसरण्याचा क्षण दोन हिशेबांच्या मधे निसटून जायचा. चातीच्या आसपासच्या आठ कड्यांपुरता तो वेग वीसपट केला.

आज सकाळी अकरा चाळीसला सूत घसरलं. पडलं नाही. पुन्हा चढलं, पुन्हा घसरलं. आणि टोकाकडून पीळ निघाला, एकेका कडीतून पुढे सरकत पेळूपर्यंत गेला. सूत्राची ओळ मी आधीच खोडली होती. तिरप्या रेषा कुठेही काढलेल्या नाहीत. त्या उमटाव्यात अशी काहीच व्यवस्था मी केली नव्हती, आणि त्या उमटत होत्या.

चंदन मागे उभा होता. पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "हे तू लिवलं?"

"नाही," मी म्हणाले. खरं उत्तर तेच होतं.

मोजा घातला, चाक फिरवलं. बोटाला टिचकी लागली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चाचणी. सगळं क्रमाने लिहिते.

साडेदहाला बापूराव आले. सुलोचनाबाई नलूबाईंच्या दंडाला धरून जिना चढल्या. आमचा जिना अरुंद आहे. चंदनने चष्मा बसवला, मी मोजा चढवला. चष्म्यातलं दृश्य सगळ्यांसाठी भिंतीवरच्या पडद्यावर होतं.

आधी चंदनचं. पडद्यावर सूत निघू लागलं. एकसारखं, चमकदार. बापूराव म्हणाले, "वा, वा!" दादांनी माझ्याकडे पाहिलं. सुलोचनाबाई चाक फिरवत, हात मागे ओढत तशाच बसल्या होत्या. मग थांबल्या.

"चालू नाई झालं का अजून?"

"मावशी, सूत निघून राह्यलं ना!" दादा म्हणाले. "पाहा ना समोर, केवढं निघालं!"

"कुठी? हाताले तं काईच नाई लागलं."

बापूराव म्हणाले, "बाईंले सवय नाई. पहिलाच टाइम आहे."

मग माझं. पहिल्या ओढीला तुटलं. दादांनी घसा खाकरला. दुसऱ्या ओढीला वीतभर निघून तुटलं. पडद्यावर ते फार वाईट दिसलं. मला वाटलं, संपलं. सुलोचनाबाई मात्र ताठ झाल्या. बोटं एकदा चोळली, खांदा जरा मागे घेतला, चाकाचा वेग कमी केला. तिसऱ्या वेळी हात मागे जाऊ लागला आणि जातच राहिला, पार कानाच्या मागे. सूत धरून राहिलं. त्यांनी चाक किंचित उलटं फिरवलं, सूत चातीवर भरलं, पुन्हा हात मागे. पुन्हा भरलं. खाली चक्की चालू होती आणि तिचाही त्रास होत नव्हता. माझ्या आकड्यांवर एक बाई कातत होती. मला वाटलं होतं मला आनंद होईल. तसं काही झालं नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

किती वेळ गेला ते नोंदीत आहे, त्रेचाळीस मिनिटं. मग त्या म्हणाल्या, "हे सूत आहे."

बापूराव म्हणाले, "मंग हेच ठेवा."

"पेळू मातर मशीनचा असन हा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "लय गुळगुळीत. हातानं केलेला टाक याच्यात."

दादा मला म्हणाले, "ठेव तुहं सूत." चंदनने त्याचं चलचित्र स्वतःच यादीतून काढलं.

शनिवार, १ मार्च

अहवालासाठी कालच्या नोंदी उघडल्या. हात ठीक, चाक ठीक. डोळ्यांची नोंद बिघडलेली. नजर कुठे रोखलेली आहे, पापणी कधी मिटली, हे चष्मा टिपत असतो. त्रेचाळीस मिनिटांपैकी एकेचाळीस मिनिटं पापण्या मिटलेल्या दाखवतो आहे. उरलेल्या दोन मिनिटांत नजर कशावरच ठरत नाही.

चष्मा खराब असावा म्हणून मी स्वतः घालून पाहिला. अचूक. चंदनला घातला. अचूक.

नंतर जूनमधलं चित्रण काढलं. तीन दिवसांचं. आवाज बंद करून फक्त त्यांचा चेहरा पाहिला.

मी त्यांच्या बोटांची लांबी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजली होती.

सोमवार, ३ मार्च

सिंदी रेल्वे. दारातूनच सांगितलं, "मी नंदिनी."

बसल्यावर विचारलं, "मावशी, तुम्हाला दिसतं का?"

"उजेड दिसते. मानूस हालला तं समजते."

"केव्हापासून?"

"दोन वर्सं झाले असन. अगुदर डाव्याले, मंग उजव्याले. मोतीबिंदू म्हनते डाक्टर."

"मग ऑपरेशन?"

नलूबाई पलीकडून म्हणाल्या, "सांगून सांगून थकलो आमी. पोरगा थकला, सून थकली. आयकन तं ना!"

"महिनाभर कातू नोको म्हनते तो," सुलोचनाबाई म्हणाल्या. "कापसाची कस्तर डोळ्यात जाते म्हने. महिनाभर काय करू मी? भिंत पाहत बसू? तेई दिसत नाई."

दोघी हसल्या. मी नाही.

"मला सांगितलं नाही तुम्ही."

"तुनं इचारलं काय? तू बोटं मोजाले आलती."

त्यात टोमणा नव्हता. मी चाकाकडे पाहिलं. मग सुचलं ते बोलले. तुमच्याच चरख्याच्या चाकाला सेन्सर लावून देते. डाव्या हातात मोजा. चष्मा लागणार नाही. कापूस नाही, त्यामुळे डोळ्यांत जाणारी तंतूंची कस्तरही नाही. वाकायचं नाही, डॉक्टरांना मी स्वतः विचारते.

त्यांनी चाक थांबवलं.

"तुटन ना वं ते? चुकलं तं तुटन?"

"तुटेल."

"मंग ठीक आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आनजो."

शुक्रवार, ४ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज तेवीस दिवस. मोजा रोज दोन तास, डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिली होती. नोंद माझ्याकडे येते. या दिवसांत त्यांनी एक इंचही अस्तित्वात नसलेलं अठरा हजार मीटर सूत कातलं. पहिल्या आठवड्यात चौदा वेळा तुटलं, गेल्या आठवड्यात एकदा.

तपासणी झाल्यावर त्या थेट केंद्रात आल्या, काळा चष्मा लावून. आज मी दारात काही न बोलता उभी राहिले.

"काहून वं, एवढीशी आहे तू?" त्या म्हणाल्या. "आवाजावरून मले मोठी बाई वाटली."

नलूबाईंनी कपाटातून त्यांच्या सुताच्या गुंड्या, म्हणजे लडी, काढल्या. गेल्या हिवाळ्यात कातलेल्या, अजून विणायला गेल्या नव्हत्या. सुलोचनाबाईंनी एक घेतली, तिचं टोक शोधलं, वीतभर सूत सोडवलं आणि दोन्ही हातांत ताणून खिडकीसमोर धरलं. काळा चष्मा कपाळावर सरकवला.



"काहून चूप बसली वं?" नलूबाईंनी विचारलं.

"हे माह्यंच आहे?"

"तुहं नाई तं कोनाचं?"

"लय बारीक आहे वं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न वळता, "तुले दिसते ना, पोरी?"

मी हो म्हणाले. खरं तर मी उभी होते तिथून, त्या उजेडात, सूत दिसत नव्हतं. वीतभर अंतरावर धरलेले दोन हात दिसत होते. त्यांतला एकही हलत नव्हता.